कारागृहातील आपत्ती आणि किल्ल्यांचा जुडगा

संध्याकाळी बंद्यांची गिनती जुळली की बराकींना कुलपे लागतात आणि दिवसभर हवालदारांच्या कमरेला खुळखुळणारे किल्ल्यांचे जुडगे मुख्य प्रवेशद्वाराजवळच्या लोखंडी पेटीत जमा होतात. त्या पेटीचीही एक किल्ली असते आणि ती रात्रपाळीच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे असते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील म्हणून मी गेली काही वर्षे एका कारागृहात नियमित जातो. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या एकाच कारागृहापुरते खरे आहे असे मला वाटत नाही. तेथील आपत्ती व्यवस्थापनाचा विचार करताना मी दरवेळी त्या पेटीपाशी येऊन थांबतो.

कारागृहाची सगळी रचना, भिंतीच्या उंचीपासून गिनतीच्या वेळेपर्यंत, एकाच आपत्तीला डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे, आणि ती म्हणजे पलायन. धोक्याची घंटा, जिला हिंदी पट्ट्यात ‘पगली घंटी’ असे फार चपखल नाव आहे, ती वाजली की बंद्यांनी जवळच्या बराकीत शिरायचे, कुलपे लावायची, कर्मचाऱ्यांनी शस्त्रागारापाशी धावायचे आणि मुख्य दरवाजा कोणासाठीही उघडायचा नाही, हा क्रम ठरलेला असतो. मी एकदा ही कवायत पाहिली आहे आणि ती खरोखर चोख होती. ३१ मार्च २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच बंदी पळाल्यानंतर राज्यभर जी धावपळ झाली, तीही साहजिकच याच दिशेने झाली. पण आग, पूर, भूकंप आणि साथ यांपैकी कोणत्याही प्रसंगी कुलूप लावून भागत नाही. ते उघडावे लागते, आणि तेही वेळेत. त्यामुळे घंटा एकच असेल आणि तिचा अर्थही एकच असेल, तर आग लागल्यावर कर्मचारी नेमके उलट वागण्याची शक्यता अधिक, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा.

१४ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री होंडुरासमधील कोमायाग्वा येथील तुरुंगात आग लागली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तुरुंग क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भरलेला होता आणि आत असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर कोणताही दोष सिद्ध झालेला नव्हता. किल्ल्या वेळेवर मिळाल्याच नाहीत, अनेक जण गजांना धरलेल्या अवस्थेतच जळाले, आणि ज्या काही कोठड्या उघडल्या त्यातील बऱ्याच एका कैद्याने उघडल्या. आपल्याकडे असे घडले नाही म्हणून निश्चिंत राहावे, अशी आपली आकडेवारी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहे क्षमतेच्या १३१ टक्क्यांहून अधिक भरलेली होती आणि दर चार बंद्यांमागे तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे, होते.

पुराचे उदाहरण शोधायला मात्र होंडुरासला जावे लागत नाही. सांगलीचे जिल्हा कारागृह गावाच्या जुन्या भागात, गणेशदुर्गाच्या परिसरात, कृष्णेपासून फार लांब नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी हाच तुरुंग फोडून बाहेर पडले, त्या झटापटीत दोघांना हौतात्म्य आले आणि दादांना गोळी लागली, हे सांगलीत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या दिवसाकडे तेव्हाच्या जेलरच्या नजरेने पाहिले तर ती पलायनाची आपत्ती होती. आज त्याच ठिकाणच्या कारागृहाची खरी चिंता कृष्णेवरील आयर्विन पुलाच्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर वाचावी लागते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते.

पुराची एक गोष्ट बरी असते, ती म्हणजे तो सांगून येतो. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला वेळ लागतो, आणि एवढ्या अवधीत अमुक फुटांना आजारी बंदी व महिला विभाग हलवायचा, तमुक फुटांना अभिलेख व औषधे वरच्या मजल्यावर न्यायची, असे फुटाफुटाला बांधलेले नियोजन सहज करता येते. अडचण हलवण्याचा निर्णय झाल्यानंतर सुरू होते. प्रत्येक बंद्याबरोबर त्याचे वॉरंट जावे लागते, कारण त्याशिवाय दुसरे कारागृह त्याला आत घेणार नाही. बंदोबस्ताला पोलीस हवेत, आणि पुराच्या दिवशी ते सगळे नदीकाठी गुंतलेले असतात. शिवाय जवळचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे कोल्हापूरचे कळंबा, आणि २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच कित्येक दिवस पाण्याखाली होता. ज्या पावसाने एक कारागृह बुडते, तोच पाऊस दुसऱ्याकडे जाणारा रस्ताही बंद करतो. सोयीसाठी आखलेले नियोजन नेमके हेच विसरते.

साथीची तरतूद तर आपल्या कायद्यात आश्चर्य वाटावे इतकी जुनी आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या सातव्या कलमात, गर्दीमुळे किंवा साथ उद्भवल्यामुळे गरज पडल्यास बंद्यांसाठी तात्पुरती कारागृहे उभारावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रात वसतिगृहे आणि शाळा यांना तात्पुरत्या कारागृहांचे रूप देण्यात आले, ते याच विचाराने. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी कोणत्या बंद्यांना तात्पुरते सोडता येईल हे ठरवणारी उच्चाधिकार समिती प्रत्येक राज्याला नेमण्यास सांगितले असूनही, मे महिन्याच्या पूर्वार्धात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात शंभराहून अधिक बंद्यांना करोनाची लागण झाली. त्या कारागृहाची अधिकृत क्षमता तेव्हा ८०४ होती आणि आत तिप्पट माणसे होती. अशा बराकीत अंतर राखण्याच्या सूचना भिंतीवर चिकटवण्याखेरीज अधीक्षकांच्या हाती फारसे काही नसते.

त्या काळातील आणखी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. २१ मार्च २०२० रोजी कोलकात्याच्या दमदम मध्यवर्ती कारागृहात मोठी दंगल झाली, आणि भेटी बंद होणे व न्यायालयीन कामकाज थांबणे यांवरून तेथे असंतोष धुमसत होता. मुलाखत, म्हणजे नातेवाइकांची भेट, बंद झाली की बंद्याला घरचे काहीच कळत नाही, आणि जे कळत नाही ते तो सर्वांत वाईट गृहीत धरतो. म्हणून आराखड्यात पाण्याच्या पंपाइतकेच महत्त्वाचे कलम, बंद्यांना काय सांगायचे, कोणी सांगायचे आणि नातेवाइकांसाठी दूरध्वनीवर कोण बसणार, हे असायला हवे. माझ्या पाहण्यात हे कलम बहुधा नसतेच.

मी जातो त्या कारागृहातील आराखड्याची फाईल एकदा मला दाखवण्यात आली. त्यातील अग्निशमन केंद्राचा दूरध्वनी क्रमांक सहा आकडी, म्हणजे केव्हाच कालबाह्य झालेला, होता. यापेक्षा गंभीर बाब अशी, की मुख्य प्रवेशद्वाराचे बाहेरचे आणि आतले असे दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडायचे नाहीत, हा नियम आहे आणि तो रास्तही आहे. मात्र त्या दोहोंमधील जागा आगीच्या बंबापेक्षा आखूड आहे. बंब आत घ्यायचा तर नियम मोडावा लागेल, आणि तो मोडण्याची परवानगी कोणी द्यायची, याविषयी फाईलमध्ये एक ओळही नाही.

मागच्या महिन्यात बाहेर पडताना तेथील एका जुन्या हवालदारांना मी विचारले, की रात्री दोन वाजता चार नंबरच्या बराकीत आग लागली आणि वीजही गेलेली असली, तर जुडग्यातील नेमकी किल्ली कशी ओळखणार? त्यांनी काही न बोलता जुडगा माझ्या हातात दिला. “डोळे मिटा वकीलसाहेब, आणि कडेनं बोट फिरवा.” किल्लीच्या माथ्यावर कानशीने चार खाचा पाडलेल्या होत्या. पुढच्या किल्लीवर पाच होत्या. हे करायला कोणी सांगितले, असे विचारल्यावर ते म्हणाले, “कुणी नाही. लातूरच्या भूकंपाच्या साली मी नवा होतो, तेव्हापासून रात्रीचं हेच डोक्यात असायचं.” ते येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत, आणि या खाचांची नोंद फाईलमध्ये नाही.