अमेरिकेची गाडी, डाव्या बाजूचा रस्ता

फोर्डची जुनी मस्टँग गाडी अमेरिकेतून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला उतरली, कागदपत्रं झाली, मालक खुशीत फिरायला निघाला, की थोड्याच दिवसांत एक तक्रार घेऊन तो आमच्या दुकानात येतो. स्टिअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडे ओढते. बहुतेकांनी त्याआधी दुसरीकडे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून घेतलेली असते आणि मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे असतात. तरी ताशी 100 च्या हायवेवर तासभर चालवली की खांदे भरून येतात.

ते आकडे खोटे नसतात, पण ते उजव्या बाजूने चालणाऱ्या देशासाठी लिहिलेले असतात.

पाणी साचू नये म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता बांधतात. हा उतार साधारण 100 ला 2 ते 3 असतो. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, म्हणजे गाडी कायम डावीकडे उतरत्या जमिनीवर. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथे गाडी उजव्या कडेला घसरू पाहते. ती सरळ जावी म्हणून तिथल्या जुन्या गाड्यांना उजव्या चाकाचा कॅस्टर डाव्यापेक्षा अर्धा अंश जास्त ठेवायची पद्धत होती. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल. सायकलचा पुढचा चिमटा आठवा, तसाच. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. म्हणजे ही गाडी मुळातच थोडी डावीकडे ओढणारी केलेली असते आणि तिथे रस्त्याचा उतार तो ओढा खाऊन टाकतो.

तीच गाडी इथे आली की दोन्ही ओढे एकाच बाजूला येतात. भरीला चालकाचं वजन. अमेरिकेत डावीकडे बसलेला माणूस रस्त्याच्या उंच बाजूला असतो, इथे तो गटाराच्या बाजूला येतो. गाडी अजून थोडी तिकडेच बसते. म्हणून मी मालकाचं वजन विचारतो आणि तेवढी वाळूची पोती डाव्या सीटवर ठेवूनच मापं घेतो. काहींना हा फाजीलपणा वाटतो. मला वाटत नाही. ती गाडी कधीच रिकामी धावणार नसते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी काम शिकलो तेव्हा आम्ही दोरी ताणून टो बघायचो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर. छोट्या गाड्यांना बाकी फिरवण्यासारखं फारसं काही नसायचंही. 1968 च्या मस्टँगला मात्र सगळं फिरतं. चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, आतल्या टोकाला एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेला) बोल्ट असतो, त्याने कॅम्बर बदलतो, म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल. त्याच आर्मपासून पुढे चेसीपर्यंत स्ट्रट रॉड नावाचा आधाराचा दांडा जातो. त्याच्या पुढच्या टोकाचे नट फिरवून रॉड आखूड केला की खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक आणि आर्म जोडणारा गोल सांधा, पुढे सरकतो आणि कॅस्टर वाढतो. पन्नास वर्षांचे हे नट सहसा गंजलेले असतात. आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवायचं, सकाळी पान्हा लावायचा. घाई केली तर आटे जातात.

पॉवर स्टिअरिंग आणि रेडियल टायर असलेल्या गाडीला मी उजवीकडे 2 आणि डावीकडे 2.5 अंश कॅस्टर ठेवतो. कॅम्बर दोन्हीकडे सारखा, शून्याच्या किंचित खाली. फरक कॅम्बरमध्ये देऊनही गाडी सरळ जाते, पण मग टायर एका कडेने खातो. कॅस्टरने टायर जवळजवळ खात नाही. टो सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या प्रत्येक बदलाने तो हलतो. आणि या सगळ्याच्या आधी बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का ते बघायचं. खेळ असेल तर मशीनला हात लावण्यात अर्थ नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

मग चाचणी. आधी रिकाम्या गल्लीत, पुढेमागे कुणी नाही हे बघून, रस्त्याच्या बरोबर मधल्या उंचवट्यावरून. तिथे गाडी अगदी हलकी उजवीकडे जायला हवी. मग आपल्या लेनमध्ये, तिथे ती सरळ. डावीकडे ओढ राहिलीच तर पुढचे टायर आपसात बदलतो. ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा.

आमच्याकडे सामोअन गिऱ्हाईकं बरीच, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची. त्यांच्या देशाने 7 सप्टेंबर 2009 ला उजवी बाजू सोडून डावी धरली, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातून स्वस्त गाड्या आणता याव्यात म्हणून. बसची दारं रस्त्याच्या मधे उघडणार म्हणून बसवाले चिडले होते, ते सगळ्यांना दिसलं. पण तिथल्या प्रत्येक अमेरिकन पिकअपचा रस्ताही त्या सकाळी उलट्या बाजूला कलला, त्याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

इथे नव्याने आलेली आपली मुलं फोन करतात, "दादा, जपानची गाडी घेतोय, तिचंही असं करावं लागेल का?" नाही. जपान डावीकडूनच चालतो; कॅस्टर आणि हेडलाइट दोन्ही इथल्या बाजूचेच असतात. अमेरिकन गाडीचा डिपर, म्हणजे खाली केलेला झोत, मात्र उजवीकडे पडतो, इथे तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत, म्हणून ते दिवे बदलावेच लागतात. जपानी गाडी घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाच चांगली दिसली तरी टायर दहा वर्षांचा असेल तर आधी तो बदला, अलाइनमेंटला मग या.