खांद्याचं ऐकलं

अखेर आज नवा लॅपटॉप घेतला. जुना अडीच किलोचा, वर विटेएवढा चार्जर. गेल्या महिन्यात दादरला पुलाचे जिने चढताना बॅगेचा पट्टा असा रुतला की घरी येईपर्यंत खांद्यावर लाल वळ उठला होता.

दुकानात प्रोसेसरचं नंतर विचारलं, आधी एका हाताने उचलून पाहिला. मॅकबुक एअर, १३ इंची, १.२४ किलो. आत फॅनच नाही, म्हणून आवाजही नाही. किलोच्या आतलेही होते, पण एकाचं झाकण उघडताना लवत होतं. प्रवासात ते नकोच. आणि माझ्या मोबाइलचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर यालाही चालतो, म्हणजे ती वीट गेली!

उद्या पहाटे इंद्रायणीने पुण्याला. बॅग आत्ताच भरलीय, दोनदा उचलूनही पाहिली.