आप्पांनी आणलेला कागद
अमळनेरला माझं छोटं क्लिनिक आहे. मे महिन्यातली दुपार, ओपीडी संपत आलेली, आणि पारोळ्याकडचे आप्पा माईंना घेऊन आले. माईंना अल्झायमर आहे हे कळून सहा महिने झाले होते. घरच्यांना पहिला संशय आला तो बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या वेळी, ज्वारी भिजत घातलीय हेच विसरून त्यांनी दुसऱ्या पातेल्यात परत भिजवली, आणि दोन दिवसांनी तिसऱ्यांदा.

आप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पुण्याच्या मुलाने प्रिंट पाठवलेली, लेकॅनेमॅबची. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं सलाईनमधून द्यायचं औषध, आजार २७ टक्के हळू होतो असं लिहिलेलं. आप्पा म्हणाले, "दोन एकर इकी टाकतो साहेब, तिले मनं नाव याद शे आजून."

मला काही सुचेना. मग पेन घेतलं आणि त्याच कागदामागे लिहून दाखवलं. अभ्यासात जवळपास १८०० पेशंट होते, दीड वर्ष चालला, १८ मार्कांची मोजपट्टी, जितके मार्क जास्त तितका आजार जास्त. औषध न घेणारे १.६६ ने खालावले, घेणारे १.२१ ने, म्हणजे फरक ०.४५. ते २७ टक्के हेच. गेलेली आठवण परत येत नाही आप्पा, उतार थोडा कमी होतो, तोही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटमध्येच. आणि शंभरात साधारण तेरा जणांच्या मेंदूला सूज दिसली, बऱ्याच जणांना त्रास जाणवला नाही पण काहींना झाला, कुणाकुणाच्या मेंदूत रक्तस्राव, म्हणून मध्येमध्ये एमआरआय करत राहावा लागतो. दर पंधरा दिवसांनी सलाईन, त्यासाठी मोठ्या शहरात जाणं आलं, आणि माईंना तर नवीन जागी गेलं की रात्रभर झोप नाही.

खरी अडचण वेगळीच होती. माईंचे हृदयाचे ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. अशा पेशंटना हे औषध देऊ नये असं या आजारातले तज्ज्ञ सांगतात. आप्पा लगेच म्हणाले, मग ती गोळी बंद करा ना. ती बंद केली तर लकवा मारायची भीती, आणि एका लकव्यात जे जाईल ते हे औषध कधीच भरून काढणार नाही, हे सांगताना माझाच आवाज बसला, कारण समोरचा माणूस जमीन विकायला तयार होऊन आला होता.

या सगळ्यात पाऊण तास गेला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माई इथंच बसल्यात आणि आम्ही कुणीच त्यांना काही विचारलेलं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात पेशंटला आपलं बरंवाईट बऱ्यापैकी कळतं, मला हे माहीत असून मी ते विसरलो, याची टोचणी अजून आहे. खुर्ची त्यांच्याकडे वळवली, सगळं परत सोप्या शब्दांत सांगितलं. त्या बराच वेळ पदराचं टोक चाळवत होत्या. मग आप्पांकडे बघून म्हणाल्या, "वावर इकू नका. माले घर सोडानं नही."

आप्पा काहीच बोलले नाहीत. विसरभोळेपणासाठी चालू असलेली डोनेपेझिलची गोळी तशीच ठेवली, बीपीचा डोस थोडा बदलला, कानाचं मशीन बसवून घ्या म्हटलं कारण माईंना ऐकू कमी येतं आणि त्यामुळे त्या माणसांत बसत नाहीत. निघताना आप्पांनी तोच कागद पुढे केला, म्हणाले मुलगा ऐकणार नाही, तुम्हीच बोला. मी तिथूनच फोन लावला.