हळदीचा डबा

आज हाताला लागलेली गोंदाची सालं अजून निघाली नाहीत. उद्या शाळेचा शेवटचा दिवस, मग दिवाळीची सुट्टी, म्हणून तिसरीच्या वर्गात आकाशकंदील करायला घेतलेत. परवाच फळ्यावर लिहिलं होतं, घरून एक टाकाऊ डबा किंवा बाटली आणा.

बाटलीचा कंदील पटकन होतो. झाकणाकडची आणि बुडाची बाजू तशीच ठेवायची, मधे उभे बोटभर रुंद काप द्यायचे आणि वरून हळूच दाबायचं, की पट्ट्या बाहेर फुगतात आणि कंदिलाला पोट येतं, त्या क्षणाला सगळा वर्ग ओरडतो! डब्यांनी मात्र दमवलं. मुलांनी बुडाला प्लास्टिकचा प्रकार सांगणारे त्रिकोणातले आकडे शोधून काढले, बाटलीला 1 म्हणजे पेट, श्रीखंडाच्या डब्यांना 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि या 5 वाल्याला गोंद धरतच नाही, वाळला की कागदासकट सालीसारखा सुटून येतो. शेवटी पतंगाचा कागद डब्याला पूर्ण गुंडाळून कागदावर कागद चिकटवला तेव्हा कुठे टिकला. भोकं दाभण तापवून मीच पाडली. आत पणती ठेवायची नाही, प्लास्टिक वितळतं, फक्त एलईडीची माळ, हे तर मी दहादा सांगितलं.

एक मुलगी मात्र डबा पोटाशी धरून बसलेली, देतच नव्हती. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "बाई, याला भोकं नका पाडू, आईनं परत आणायला सांगितलाय." बघते तर श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा, आतून पिवळाधम्मक, कडेला अजून हळदीची पूड. आईनं हळद कागदात काढून ठेवून पोरीला डबा रिकामा करून दिला होता.

मला एकदम भरून आलं. 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून दरवर्षी मी मुलांना सांगते, फेकू नका, परत वापरा, आणि या घरात तर ते रोजच चालू आहे, तिथे टाकाऊ डबा असणार कुठून, मी तरी असं कसं सरसकट मागितलं. पुढच्या वर्षी डबे मी माझ्या घरचे आणि शेजारचे गोळा करून नेणार, हे नक्की.

मग आम्ही दोघींनी डब्याच्या काठाखाली सुतळी घट्ट बांधली, दोन बाजूंना अडकवायला फास केले, खाली झिरमिळ्याही त्या सुतळीलाच, डब्याला ना गोंद ना भोक. आत मोबाईलचा टॉर्च धरला. हळदीनं रंगलेलं ते प्लास्टिक असं काही उजळलं की बाकीची पोरं आपापले कंदील ठेवून बघायला आली, "बाई, हा कुठला कागद?" असं विचारायला लागली. ती नुसती हसत होती.

बाकीचे कंदील उद्यासाठी वर्गात टांगून ठेवलेत. तिनं सुतळी झिरमिळ्यांसकट सोडून दप्तरात ठेवली आणि डबा आजच घरी नेला, संध्याकाळच्या भाजीला हळद लागते म्हणाली.