निपाणीहून रत्नागिरी: मत्स्यालय आणि ओहोटीचा किनारा, एका दिवसात

आमच्या निपाणी-चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात मुलांना समुद्र दाखवायचा म्हटलं की गाडी आंबोली घाट उतरते आणि गोवा नाहीतर मालवण करून परत येते. यंदा आम्ही ठरवून रत्नागिरीला गेलो. मुलांना लाटांत डुंबवण्यापेक्षा समुद्राच्या पोटात काय काय राहतं ते दाखवायचं होतं. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, आणि तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय सगळ्यांना बघता येतं. ते बघून तसंच किनाऱ्यावर जायचं, आणि तेही ओहोटीला. या दोन गोष्टी एका दिवसात जोडल्या तर सहलीचं चीज होतं.

त्यासाठी तारीख ठरवताना रविवार बघण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघा. कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजेच्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हा हिशेब जमतो. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे द्वादशी-त्रयोदशीला, शुद्ध असो वा वद्य, सकाळी नऊ ते पावणेदहाला भरती आणि दुपारी सव्वातीन ते चारला ओहोटी. आपल्यासारख्या लांबून येणाऱ्यांना हीच वेळ सोयीची. शिवाय पौर्णिमा-अमावास्या जवळ असल्याने उधाणाचे दिवस असतात, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब मागे हटतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगाचं पाणी, किनारा फारसा उघडा पडत नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चाला. आणि जून-जुलै टाळाच. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते आणि आंबा घाटात धुकं.

निपाणी ते रत्नागिरी अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघालं की कोल्हापूर गर्दीआधी मागे पडतं. पुढे मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा सरळ रस्ता, पण रुंदीकरणाच्या कामाचे वळसे गृहीत धरा. घाटात उलटी होणारी मुलं असतील तर मलकापुरात चहा-बिस्किटावर भागवा आणि नाश्ता साखरप्यात करा. आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घरूनच नेलं होतं.

मत्स्यालयाची वेळ आणि सुट्टीचा वार निघण्याआधी विचारून घ्या. आत गेल्यावर बहुतेक लोक थेट रंगीत माशांकडे पळतात. मी म्हणेन, आधी देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांबा. सुमारे 55 फुटांचा सांगाडा आहे, पूर्ण बघायला त्याच्या कडेने चालतच जावं लागतं. मुलांना दोन गोष्टी मुद्दाम दाखवा. एक, छातीजवळच्या वल्ह्यासारख्या अवयवात खांद्याचं, दंडाचं आणि बोटांचं हाड असतं, अगदी आपल्या हातासारखं. दुसरी, शेपटीकडे मणके लहान लहान होत संपून जातात. त्या रुंद शेपटीच्या दोन पाती असतात तरी कुठे, असं माझ्या मुलीने विचारलं. त्या पात्यांत हाडच नसतं, म्हणून सांगाड्यात त्या दिसत नाहीत. मासा शेपूट डावी-उजवी हलवतो, देवमासा खाली-वर. तो सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजतो, श्वासासाठी वर येतो. पुस्तकात वाचलेलं हे सगळं त्या हाडांपुढे उभं राहिल्यावर मुलांना खरं वाटायला लागतं.

टाक्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळ समुद्रघोड्याला द्या. पहिल्या नजरेत तो दिसतच नाही, एखादी काडी उभी आहे असं वाटतं. मग शेपटीचा आकडा कशाला तरी घट्ट गुंडाळलेला दिसतो, आणि पाठीवरचा पारदर्शक पर इतक्या भराभर थरथरतो की पाणीच हलल्याचा भास होतो. यातला नर पोटाच्या पिशवीत अंडी सांभाळतो आणि पिल्लं तोच बाहेर सोडतो. माझी आई, जिने आयुष्यात घटप्रभेचे मासे तेवढे बघितले, ती या टाकीपुढून हलायला तयार नव्हती. औषधासाठी आणि शोभेसाठी याची इतकी लूट झाली की 2001 मध्ये कायद्याने त्याला संरक्षण द्यावं लागलं. किनाऱ्यावर कुणी वाळवलेला समुद्रघोडा विकायला आणला तर घेऊ नका.

लायनफिशचे पट्टे सुंदर, पण पाठीवरचे काटे विषारी. तारामासा मरगळलेला वाटतो, म्हणून लोक पुढे जातात. तो काचेला चिकटलेला असेल तर जवळ जाऊन त्याची खालची बाजू बघा. शेकडो बारीक नळीसारखे पाय एकेक करून सुटतात आणि पुन्हा चिकटतात. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आपल्याकडच्या दुकानातही असतात, तिथे फार रेंगाळू नका.

एक कळकळीची विनंती. काचेवर टकटक करू नका, फ्लॅश बंद ठेवा. आम्ही होतो तेव्हा एक मोठा घोळका नुसता काच वाजवत, सेल्फी घेत पुढे सरकत होता, आणि कासव दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. ते बघून वाईट वाटलं. शाळेची सहल नेणाऱ्या गुरुजी-बाईंनी मुलांचे लहान गट करून आत सोडावं, प्रत्येक गटाला एकच टाकी नीट बघून चार ओळी लिहायला सांगावं.

दुपारी गावात माशाचं ताट जेवून आम्ही मांडवीला गेलो. इथली वाळू काळी. ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावर वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, ती बारक्या खेकड्यांची कामगिरी. वाळू तोंडात घ्यायची, त्यातलं खाणं काढून घ्यायचं आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकायची. न हलता उकिडवे बसलात तर थोड्या वेळात ते बिळातून बाहेर येतात, पाय जरा हलला की गायब. चालता शंख दिसला तर हातात घेऊन परत तिथेच ठेवा, आत दुसराच खेकडा बिऱ्हाड करून असतो. रिकामे शंखही उचलून आणू नका, त्यांना घर म्हणून तेच लागतात. पाणी पुन्हा चढू लागलं की मुलांना मागे घ्या.

परतताना साडेचारला किनारा सोडलात तर आंबा घाट काळोख पडण्याआधी मागे पडतो. बेळगाव-खानापूरकडच्यांनी मात्र एका दिवसाचा हट्ट धरू नये. निपाणीपर्यंतच त्यांना पाऊणशे किलोमीटरच्या वर पडतात. त्यांनी रात्री रत्नागिरीत राहावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदुर्ग आणि थिबा राजवाडा करावा. इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलेला ब्रह्मदेशचा हा राजा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला.