आधी पान उलटून बघा, औषधाचं मग ठरवा

फळझाडाच्या पानावर डाग दिसला की बुरशी समजून औषध मारायचं, ही सवय सोडायला हवी. बुरशीनाशकानं कीड मरत नाही आणि अन्नद्रव्याची कमतरताही भरून निघत नाही. फवारणी वाया जाते आणि मूळ दुखणं तसंच वाढत राहतं.

सुरुवात पिवळेपणापासून करा. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या आणि पानाच्या दोन्ही अंगांना रंग सारखाच उतरलेला असेल, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत किंवा मुळाशी पाणी साचल्यावर ती हमखास दिसते. रोग इतका नेटका नसतो. त्याचे डाग कुठेही, लहानमोठे असतात आणि मधला भाग वाळलेला असतो.

पानावर काळा थर असेल तर ओल्या बोटानं पुसा. निघाला तर ती काजळी. ती पानात शिरत नाही, किडीनं टाकलेल्या चिकट गोड रसावर वाढते. आंब्यावर तुडतुडे आणि पेरू-लिंबावर पिठ्या ढेकूण किंवा खवले शोधा. खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली असेल तर कीड आहेच. उपाय किडीवर करायचा: दहा लिटर पाण्यात ५० मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, पानाच्या खालच्या बाजूनं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, राधानगरीकडच्या दमट हवेत खोडावर राखाडी-हिरवे पापुद्रे चढतात. ते दगडफूल. मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं. झाडाला त्याचा त्रास नाही, खरवडू नका. पानावर मखमली, नारिंगी-तांबूस ठिपके आले तर मात्र ते शैवाल आहे. फांद्या विरळ करून ऊन-वारा आत येऊ द्या.

कागदी लिंबाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण आपल्याकडच्या पावसात खैऱ्या त्याला सोडत नाही. हा जिवाणूंचा रोग. डाग पानाच्या दोन्ही बाजूंना उठतात, हाताला खरखरीत लागतात, भोवती पिवळं वलय असतं. फांद्यांवर आणि फळांवरही तसेच फोड येतात. नागअळीनं पानात केलेल्या वेड्यावाकड्या नागमोडी रेषा हे त्याचं मोठं प्रवेशद्वार, म्हणून नवी पालवी फुटताना निंबोळी तेल फवारत राहा. रोगट काड्या मिरगाच्या आधी, कोरड्या दिवशी कापा आणि गळलेल्या पानांसह जाळून टाका. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटनं पुसा. पानं ओली असताना छाटणी केली तर जिवाणू तुमच्याच हातानं झाडभर पसरतात. छाटणीनंतर दहा लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं औषध) फवारा. पावसाळ्यात उघडीप बघून महिन्याच्या अंतरानं पुन्हा.

लिंबाच्या बुंध्याशी डिंक पाझरत असेल तर तो डिंक्या. इथं दोष बहुतेक वेळा पाणी देण्याच्या पद्धतीत असतो. पाणी खोडाला टेकतं किंवा माती कलमाच्या जोडाच्या वर चढवलेली असते. माती बाजूला करा, तपकिरी झालेली साल निरोगी भाग लागेपर्यंत धारदार चाकूनं खरवडा आणि बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विरघळवून दोन्ही एकत्र ओता. भांडी प्लॅस्टिकची घ्या. चकचकीत खिळा थोडा वेळ बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना हवा. पेस्ट त्याच दिवशी वापरा. यापुढे पाण्याचं आळं खोडापासून फूटभर लांब करा.

आंब्याच्या मोहोरावर पांढरी पावडर म्हणजे भुरी आणि काळे ठिपके पडून मोहोर करपणं म्हणजे करपा. भुरीला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, दहा लिटरला २० ग्रॅम, संध्याकाळी. कडक उन्हात गंधकानं मोहोर भाजतो. करप्याला गंधक पुरेसं नाही. तिथं वाळक्या काड्या काढणं आणि मोहोर येण्याआधीच ताम्रयुक्त फवारणी करणं महत्त्वाचं.

पपईची पानं आक्रसून चिंध्यांसारखी झाली आणि फळावर वलयं उमटली, तर तो विषाणू आहे. औषध नाही. झाड उपटा, नाहीतर मावा ही कीड विषाणू शेजारच्या झाडावर नेईल.

तरीही उलगडा झाला नाही तर डागाळलेलं पान ओल्या टिश्यूसह झाकणाच्या डब्यात दोन दिवस सावलीत ठेवा. डागावर तंतू किंवा बारीक गुलाबी-काळे ठिपके उठले तर बुरशीचा संशय बळकट होतो. कृषी महाविद्यालयात किंवा कोल्हापूरजवळच्या कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला नेताना अर्धी निरोगी, अर्धी रोगट अशी ताजी फांदी कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजते आणि खरा रोग ओळखता येत नाही.