टॉमकॅट ७ वरून ८.५: कनेक्शन पूल नीट बसवताना

एका पतसंस्थेचं वेब अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट ७ या जावा वेब सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालत होतं, मागे मायएसक्यूएल डेटाबेस. डेटाबेसशी जोडणी दर वेळी नवी न करता काही कनेक्शन तयार ठेवून वापरायला देणारा साठा म्हणजे कनेक्शन पूल. ते ८.५ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. वॉर फाइल (अ‍ॅप्लिकेशनचं पॅकेज) सरळ चढली, टेस्टिंगही पार पडलं. पण शाखांची गर्दी सुरू झाली आणि पानं नुसती फिरत राहिली. एरर नाही, सीपीयू मोकळा, डेटाबेसही निवांत.

जेस्टॅक काढला, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड (एकेक विनंती हाताळणारा धागा) कुठे आहे त्याची यादी, तेव्हा उलगडलं. थ्रेडमागून थ्रेड एकाच जागी अडकलेले: बॉरोऑब्जेक्ट आणि त्याच्या वर टेकफर्स्ट. म्हणजे सगळे पूलकडे कनेक्शन मागून ताटकळत होते. मग सर्व्हर सुरू होतानाचा लॉग वाचला. टॉमकॅट ८ पासून आतला पूल डीबीसीपी २ या लायब्ररीचा आहे आणि त्यात सेटिंगची नावं बदलली आहेत. मॅक्सअ‍ॅक्टिव्हचं (जास्तीत जास्त कनेक्शन) मॅक्सटोटल झालं, मॅक्सवेटचं (वाट बघण्याची मुदत) मॅक्सवेटमिलिस, रिमूव्हअबँडन्डचं (परत न आलेली कनेक्शन काढून घेणं) रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो. ही सेटिंग जिथे लिहितात त्या कॉन्टेक्स्ट फाइलमधल्या जुन्या नावांबद्दल पूल फक्त वॉर्निंग देतो आणि डिफॉल्ट घेतो: कनेक्शन ८, वाट बघण्याची मुदत उणे १, म्हणजे अमर्याद. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी सर्व्हर सुरूच होऊ नये. शेकडो ओळींत वॉर्निंग कोण वाचतं?

मॅक्सटोटल ६० ठेवलं. टॉमकॅटचे थ्रेड डिफॉल्टने २०० असतात, पण तेवढ्यासाठी कनेक्शनही २०० द्यायची गरज नसते. प्रत्येक थ्रेड सतत डेटाबेसमध्ये नसतो. उलट मायएसक्यूएलची कनेक्शनची डिफॉल्ट मर्यादा १५१ आहे. आमचे टॉमकॅट दोन, त्यांचे १२० झाले, उरलेली बॅकअप आणि देखभालीला. वाट बघण्याची मुदत १० सेकंद दिली, म्हणजे कनेक्शन मिळालं नाही तर लॉगमध्ये निदान एरर तरी दिसेल. मायएसक्यूएल ड्रायव्हरची जार फाइल टॉमकॅटच्याच लिब फोल्डरमध्ये हवी, कारण पूल टॉमकॅट तयार करतो.

तरीही दुपार होईपर्यंत साठही संपत आली. मायएसक्यूएलच्या 'शो प्रोसेसलिस्ट' या कमांडमध्ये कितीतरी कनेक्शन 'स्लीप'मध्ये, म्हणजे काही न करता पडून. घेतलेली परत येत नव्हती. रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो आणि लॉगअबँडन्ड चालू केलं, कनेक्शन टाकून दिलं असं मानण्याची मुदत ३०० सेकंद. पूल भरत आला की टाकून दिलेलं कनेक्शन तो ओढून घेतो आणि ते कुठल्या ओळीवर घेतलं होतं त्याचा स्टॅक ट्रेस (कोडमधला माग) लॉगमध्ये छापतो. ट्रेसने थेट थकबाकी अहवालाच्या मेथडवर नेलं. यादी रिकामी असेल तर मधूनच रिटर्न, आणि कनेक्शन परत करणारं क्लोज त्याच्या खाली! गळती जुनीच होती. टॉमकॅट ७ वर रिमूव्हअबँडन्ड चालू असल्याने पूल ती निमूटपणे भरून काढायचा, नवीन सर्व्हरवर ते नाव चालेना म्हणून ती उघडी पडली.

मग सगळ्या कोडमध्ये कनेक्शन मागणारं गेटकनेक्शन शोधलं आणि सापडेल तिथे ट्राय-विथ-रिसोर्सेस घातलं. जावा ७ पासून ती सोय आहे. ब्लॉकमधून कसंही बाहेर पडा, क्लोज होतंच.

प्रत्यक्ष सर्व्हरवर रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो आता बंद ठेवलंय. वर्षअखेरीच्या व्याज आकारणीत एकच क्वेरी पाच मिनिटांहून जास्त चालते, तिचं कनेक्शन मध्येच काढून घेतलं तर सगळं काम परत. टेस्ट सर्व्हरवर मात्र ते चालूच आहे, मुदत ६० सेकंद. आणि संध्याकाळी शाखा बंद झाल्या की जेकॉन्सोल या जावाच्या देखरेख साधनात न्यूमअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे वापरात असलेल्या कनेक्शनची संख्या बघतो. तो आकडा शून्यावर आला नाही, तर अजून कुठेतरी क्लोज राहिलंय.